शाळेने जे सांगायचे ते लेखी सांगावे
वाचकांचे प्रश्न : दिव्यांग विद्यार्थ्यांचे शिक्षण आणि त्यांचे हक्क

दिव्यांग मुलांच्या शिक्षणाविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातील तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. पत्र लिहिणाऱ्यांची व शाळांची नावे वगळली आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक गोष्ट आढळली, ती म्हणजे नकार नेहमी तोंडी दिलेला असतो. कागदावर कोणीच काही लिहून देत नाही आणि पालकही मागत नाहीत. त्यामुळे पुढील अनेक उत्तरांत अर्ज, पोच आणि लेखी कारण यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल, तो जाणूनबुजून केलेला आहे.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा असून एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीत शिकतो. ऐकलेली गोष्ट तो जशीच्या तशी सांगतो, हिशेब तोंडी अचूक करतो. वाचताना मात्र ओळी गाळतो, अक्षरांची अदलाबदल करतो आणि फळ्यावरचे उतरवून घेणे त्याला जमत नाही. पालकसभेत बाईंनी ‘याला विशेष शाळेत टाका, आमच्याकडे जमणार नाही’ असे सर्वांसमोर सांगितले. प्रमाणपत्र कोठून काढावे आणि शाळा त्याला काढून टाकू शकते का?
एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. शाळा त्याला काढून टाकू शकत नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढण्यास मनाई करतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम १६ तर याहून पुढे जाते. ते अनुदानित शाळांपुरते नाही, शासनाची केवळ मान्यता असलेल्या शाळांनाही लागू आहे. भेदभाव न करता प्रवेश देणे, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करणे आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांत येणारी अडचण) शक्य तितक्या लवकर ओळखून तिच्यावर योग्य शैक्षणिक उपाय करणे ही शाळेची कर्तव्ये आहेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मुलाची अडचण ओळखण्याचे काम ज्यांच्यावर आहे त्यांनीच पालकांना सभेत सर्वांसमोर असे ऐकवावे, ही गोष्ट मला अतिशय खटकली. सभेत काय बोलले गेले ते तारखेसह लिहून ठेवा.

आता तपासणीविषयी. तुम्ही वर्णन केलेली लक्षणे अध्ययन अक्षमतेची असू शकतात, पण पत्रावरून निदान करता येत नाही आणि कोणी तसे करत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. सर्वप्रथम डोळे आणि कान तपासून घ्या. चष्म्याचा नंबर लक्षात न आल्याने फळ्यावरचे न दिसणारी किंवा एका कानाने कमी ऐकू येणारी मुले ‘लक्ष देत नाहीत’ या शेऱ्याखाली वर्षानुवर्षे बसलेली असतात. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांच्याकडून बुद्धिमापन व शैक्षणिक चाचण्या होतात. वाचन, लेखन आणि गणित यांतील मुलाची प्रत्यक्ष पातळी व त्याची बुद्धिमत्ता यांत किती तफावत आहे, हे त्यांत पाहिले जाते. घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी अशी स्थिती असलेल्या मुलांच्या बाबतीत एक काळजी घ्यावी लागते. भाषेची अपुरी ओळख आणि अध्ययन अक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी असून वरवर त्या सारख्याच दिसतात. म्हणून तपासणीच्या वेळी मुलाला मराठीतूनही वाचायला द्यावे, असा आग्रह धरा. मराठीतही तो ‘पाणी’चे ‘पणी’ लिहीत असेल, काना-मात्रा गाळत असेल आणि जोडाक्षरापाशी अडत असेल, तर तज्ज्ञांना त्यातून बरेच कळते. जाताना या वर्षाच्या आणि मागील वर्षाच्या वह्या बरोबर न्या. वहीतील अर्धवट सुटलेली ओळ, पुन्हा पुन्हा खोडलेला शब्द, पहिल्या पानावरचे नीट अक्षर आणि तिसऱ्या पानावरचे थकलेले अक्षर हा सगळा पुरावाच असतो.

प्रमाणपत्रासाठी केंद्र शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राचा (यूडीआयडी) अर्ज भरावा लागतो. नाशिकमध्ये त्याची तपासणी त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयाच्या मंडळामार्फत होते. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापूर्वी दिले जात नाही, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. तुमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, म्हणजे वेळ योग्य आहे. दहावीच्या तोंडावर धावपळ करणाऱ्या पालकांपेक्षा तुम्ही खूप आधी जागे झाला आहात.

मात्र प्रमाणपत्र हाती येईपर्यंत शाळेने हातावर हात ठेवून बसावे, असे कायद्यात कोठेही म्हटलेले नाही. फळ्यावरच्या मजकुराची छापील प्रत देणे, ओळीखाली पट्टी धरून वाचू देणे, मोठ्याने वाचायला लावून वर्गात हसे होऊ न देणे, तोंडी उत्तर स्वीकारणे, शुद्धलेखनाच्या चुकांसाठी विज्ञानाच्या पेपरातले गुण न कापणे, या गोष्टींना एक रुपयाही खर्च येत नाही. मुख्याध्यापकांना एक पानी अर्ज द्या, त्यात या सोयी नावानिशी मागा, आणि ‘सोय देता येत नसल्यास कारण लेखी कळवावे’ हे वाक्य शेवटी अवश्य लिहा. दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, सही व तारीख घ्या. शिक्का देण्यास टाळाटाळ झाली तर तोच अर्ज नोंदणीकृत टपालाने पाठवा.

प्रश्न : आमच्या मुलीला ४५ टक्के श्रवणदोष आहे. शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के राखीव जागांतून पहिलीचा प्रवेश हवा आहे. उत्पन्नाचा दाखला लागेल का? आमचे उत्पन्न मर्यादेपेक्षा थोडे जास्त आहे.
एक पालक, नाशिक रोड

उत्तर : उत्पन्नाचा दाखला लागणार नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग बालकांचा समावेश वंचित गटात करण्यात आला असून, महाराष्ट्रात या गटासाठी उत्पन्नाची अट नाही. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र मात्र अर्जाच्या वेळी तयार हवे, म्हणून प्रवेशाची जाहिरात येण्याची वाट न पाहता ते आधीच काढून ठेवा. सोडतीत नाव आले नाही तरी मुलीचा शिक्षणाचा हक्क संपत नाही. जवळच्या महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत तिला कधीही प्रवेश मागता येतो.

प्रश्न : माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, ती चाकाच्या खुर्चीवर असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत तिने नियमित शिक्षण घेतले, कारण शाळा बैठी होती. आठवीसाठी गावातील माध्यमिक विद्यालयात गेलो तर आठवीचा वर्ग पहिल्या मजल्यावर आहे, खाली पाच पायऱ्यांचा ओटा आहे आणि मुलींच्या स्वच्छतागृहात खुर्ची जात नाही. ‘तुम्हीच विचार करा, कसे जमणार?’ एवढेच मुख्याध्यापक म्हणाले. मी शेतकरी आहे, कोर्टकचेरी मला परवडणारी नाही.
एक वडील, दिंडोरी तालुका

उत्तर : दादा, तुमच्या मुलीने सात वर्षे शाळा सोडली नाही, हे तिचे आणि तुमचे मोठे यश आहे. आठवीच्या पायरीवर ते अडू नये. कोर्टात जाण्याची वेळ बहुधा येणार नाही, पण चार कागद करावे लागतील.

‘कसे जमणार’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची जबाबदारी शाळेची आहे. शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षांपर्यंत लागू असला, तरी २०१६ च्या अधिनियमाचे कलम ३१ हे ४० टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा या वयात, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क देते. म्हणजे आठवीच नव्हे, दहावी आणि बारावीपर्यंतही तो तिच्यापाशी आहे. इमारत, परिसर आणि तेथील सर्व सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा असाव्यात, हे कलम १६ मध्येच आहे.

तुमच्या अडचणीतील पहिली गोष्ट तर एका दिवसात सुटणारी आहे. आठवीची तुकडी तळमजल्यावर आणावी आणि तळमजल्यावरची एखादी तुकडी वर न्यावी, यासाठी ना निधी लागतो ना परवानगी. पुढील वर्षी नववीचा वर्गही खालीच राहील, हे त्याच अर्जात लिहून मागा. प्रयोगशाळा व संगणक कक्ष वरच्या मजल्यावर असतील, तर प्रात्यक्षिकाचे साहित्य खाली आणून तिला करू द्यावे, हेही लिहा. नाहीतर वर्ग खाली येतो आणि प्रयोगाच्या तासाला मुलगी एकटी बसून राहते.

ओट्यासाठी उतरता मार्ग, म्हणजे रॅम्प, लागेल. येथे माप महत्त्वाचे आहे. एक फूट उंचीसाठी किमान बारा फूट लांबी, हा मान्य निकष आहे. पाच पायऱ्यांचा ओटा साधारण अडीच फुटांचा धरला तर तीस फूट लांबीचा रॅम्प, दोन्ही बाजूंना कठडा आणि मध्ये थांबण्यासाठी सपाट जागा हवी. पायऱ्यांच्या अंगानेच आठ-दहा फुटांत सिमेंट ओतून केलेले रॅम्प मी अनेक शाळांत पाहिले आहेत. त्यांवरून खुर्ची वर चढवायला दोन माणसे लागतात, उतरताना ती सुटते, आणि बऱ्याच ठिकाणी रॅम्प संपतो तेथे वर्गाचा उंबरठा तसाच उभा असतो. असा रॅम्प तपासणीच्या कागदावर ‘आहे’ म्हणून नोंदवला जातो आणि मुलगी मात्र बाहेरच राहते. त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वी माप घेताना तुम्ही स्वतः मुलीला तिच्या खुर्चीसह घेऊन उभे राहा. स्वच्छतागृहाचे दार सुमारे तीन फूट रुंद, बाहेर उघडणारे, आत धरायला दांडी आणि खुर्ची वळवण्याइतकी जागा, एवढे तरी मागाच. किशोरवयीन मुलींची शाळा स्वच्छतागृहावरून सुटते, आणि याबद्दल गावात कोणी बोलत नाही.

खर्चाचे कारण पुढे आले तर समग्र शिक्षा अभियानातील समावेशित शिक्षणाची तरतूद दाखवा. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष तज्ज्ञ असतात. मुलीचे नाव त्यांच्या नोंदीत आहे का, हे आधी विचारा. पात्र विद्यार्थ्यांसाठी प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता आणि मुलींसाठी प्रोत्साहन भत्ता या अभियानातून मिळतो. नाव नोंदीत नसेल तर यातले काहीच पदरात पडत नाही.

मुख्याध्यापकांना अर्ज देऊन पंधरा दिवस वाट पाहा. उत्तर आले नाही तर अर्जाची प्रत जोडून गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे माध्यमिक शिक्षणाधिकारी यांना लिहा. तेथेही टोलवाटोलवी झाली, तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. तेथे वकील देण्याची सक्ती नाही. साध्या मराठीत लिहिलेला अर्ज पुरतो. चौकशीसाठी साक्षीदार बोलावणे, कागद मागवणे असे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयुक्तांना आहेत, आणि त्यांनी केलेल्या शिफारशीवर काय केले, हे संबंधित अधिकाऱ्याला तीन महिन्यांत कळवावे लागते. अधिनियमाचा भंग सिद्ध झाल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर प्रत्येक वेळी ५० हजार ते ५ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. हे आकडे मुख्याध्यापकांना धमकावण्यासाठी वापरू नका. अनेक मुख्याध्यापकांना काही करावेसे वाटते, पण संस्थाचालकांपुढे त्यांचा शब्द चालत नाही. तुमचा लेखी अर्ज त्यांच्या हातातही एक आधार देतो.

प्रश्न : मी दहावीत आहे. माझी दृष्टी कमी आहे, पण प्रमाणपत्रावर ३० टक्केच लिहिले आहे. मला प्रश्नपत्रिका वाचायला आणि लिहायला खूप वेळ लागतो. ‘४० टक्क्यांच्या खाली लेखनिक मिळत नाही,’ असे शाळेत सांगितले. हे खरे आहे का?
एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : तुला सांगितले गेले ते अर्धेच खरे आहे. ४० टक्क्यांची अट आरक्षण, शिष्यवृत्ती अशा लाभांसाठी आहे. परीक्षेत लिहिण्याची सोय ही वेगळी बाब आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात स्पष्ट केले. त्या उमेदवाराला लिहिताना हाताचे स्नायू आखडण्याचा त्रास होता आणि त्याचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा खूपच कमी होते. तरीही त्याला लेखनिक मिळाला पाहिजे, कारण वाजवी सोय मिळणे हा प्रत्येक दिव्यांग व्यक्तीचा हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर केंद्र शासनाने १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिण्यात अडचण येणाऱ्या उमेदवारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. या सूचनांप्रमाणे, लिहिण्यात अडचण आहे व लेखनिकाची गरज आहे, असे शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरलेल्या नमुन्यात प्रमाणित करावे लागते.

तुझ्यासाठी आता करण्याचे काम म्हणजे असे प्रमाणपत्र नेत्रतज्ज्ञांच्या अहवालासह मिळवून शाळेला प्रस्ताव पाठवायला लावणे. दहावीच्या सवलतींचे प्रस्ताव शाळेमार्फत राज्य मंडळाच्या नाशिक विभागीय मंडळाकडे जातात, विद्यार्थ्याने परस्पर पाठवून चालत नाही. शाळा प्रस्ताव पाठवायला तयार नसेल, तर न पाठवण्याचे कारण लेखी माग आणि त्या पत्राची किंवा तुझ्या अर्जाच्या पोचेची प्रत जोडून विभागीय मंडळाच्या सचिवांना तुझ्या आईवडिलांनी अर्ज द्यावा. प्रस्तावात फक्त ‘लेखनिक’ एवढेच लिहू नये. मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका, जादा वेळ, भरपूर उजेडाची जागा आणि भिंग वापरण्याची परवानगी, यांतील तुला जे जे लागते ते वेगवेगळे नोंदवावे. कदाचित मोठी अक्षरे आणि जादा वेळ मिळाल्यावर तू स्वतःच लिहू शकशील, आणि तसे असेल तर ते अधिक चांगले. जादा वेळेचे प्रमाण तासाला २० मिनिटे असते, म्हणजे तीन तासांच्या पेपरासाठी एक तास.

लेखनिक घेण्याचे ठरले तर तो खालच्या इयत्तेतला असावा लागतो, आणि त्याच्याबरोबर सराव केल्याशिवाय परीक्षेला बसू नकोस. मनात उत्तर तयार असणे आणि ते दुसऱ्याला सांगून लिहून घेणे यांत मोठा फरक आहे. गणितात ‘अंशात तीन, छेदात पाच, कंसाबाहेर वर्ग’ असे एकेक चिन्ह सांगावे लागते. भूमितीची आकृती काढून घेताना बिंदूंची नावे कोणत्या क्रमाने सांगायची, हे दोघांचे आधी ठरलेले असावे. भाषेच्या पेपरात विरामचिन्हे आणि ऱ्हस्व-दीर्घही सांगावे लागतात. सांगितले नाही तर लेखनिक स्वतःच्या मनाप्रमाणे लिहितो आणि गुण तुझे जातात. सराव परीक्षेपासूनच शाळेने तुला हीच व्यवस्था द्यावी, हेही अर्जात माग.

मंजुरीच्या आदेशाची प्रत परीक्षेच्या प्रत्येक दिवशी स्वतःजवळ ठेव. हे सांगण्यामागे कारण आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत एका विद्यार्थिनीला मिळायला हवा असलेला जादा तास केंद्रावरील कर्मचाऱ्यांना नियम माहीत नसल्याने नाकारला गेला आणि तिची उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. अवनी प्रकाश प्रकरण म्हणून ते ओळखले जाते. २३ नोव्हेंबर २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला जबाबदार धरले. पण गेलेला तास तिला त्या दिवशी कोणी परत दिला नाही.

प्रश्न : मी सुरगाणा तालुक्यातील एका शाळेत शिक्षक आहे. तिसरीच्या वर्गात एक कर्णबधिर मुलगा आला आहे. त्याच्या घरी कोकणा बोली बोलतात. मला सांकेतिक भाषा येत नाही, प्रशिक्षण मिळालेले नाही. दोन इयत्ता एकत्र सांभाळतो. मुलगा शांत बसून राहतो, आणि मला रात्री झोप लागत नाही.
एक शिक्षक

उत्तर : गुरुजी, मुलगा शांत बसतो म्हणून अनेकांना तो अडचणीचा वाटत नाही. तुम्हाला त्याची शांतता टोचली आणि तुम्ही पत्र लिहिलेत, हे फार मोलाचे आहे. प्रशिक्षणाची उणीव तुमची नाही. शिक्षकांना प्रशिक्षण देणे आणि सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमणे हे २०१६ च्या अधिनियमाच्या कलम १७ ने शासनावर टाकलेले काम आहे. सामान्य शाळांत विशेष शिक्षक किती असावेत, याचा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयात गेला होता. प्राथमिक स्तरावर दहा आणि वरच्या स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण २०२१ च्या निकालात मान्य झाले. तुमच्या केंद्रातील, म्हणजे आसपासच्या गटातील, शाळांमधील सर्व दिव्यांग मुलांची एकत्रित नोंद करून, केंद्रप्रमुखांमार्फत गट साधन केंद्राकडे विशेष शिक्षकाच्या नियमित भेटींची लेखी मागणी करा. एका शाळेचा अर्ज बाजूला पडतो, केंद्राची यादी पडत नाही.

तोपर्यंत वर्गात काय करता येईल? मुलाचे ऐकणे किती शिल्लक आहे, हे श्रवणतपासणीशिवाय कळत नाही, म्हणून ती पहिली. श्रवणयंत्र मिळाले असेल तर ते चालू आहे का, बॅटरी संपली आहे का, कानातला साचा लहान झाला आहे का, हे रोज सकाळी पाहा. गावाकडे बॅटरी संपली की यंत्र डब्यात जाते आणि तेथेच राहते. मुलाला खिडकीकडे पाठ करून, तुमचा चेहरा उजेडात दिसेल अशा जागी पुढे बसवा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आधी लिहा, मग वळून बोला. नवा शब्द शिकवताना वस्तू किंवा चित्र, खुणा आणि लिहिलेला शब्द ही तिन्ही एकाच वेळी दाखवा. घरातल्या बोलीतले ओठ आणि शाळेतल्या प्रमाण मराठीचे ओठ वेगळे हलतात, हे त्याच्यासाठी दुप्पट कोडे आहे. म्हणून त्याच्या आईला एकदा बोलावून घरात कोणत्या गोष्टीसाठी कोणती खूण करतात, ते वहीत उतरवून घ्या. पाणी, भूक, दुखते, ये, जा, भीती वाटते, एवढ्या खुणा सगळ्या वर्गाला आल्या, तरी तो मुलगा एकटा राहणार नाही. वर्गातली मुले हे तुमच्याहून लवकर शिकतील.

यापुढे खरी भाषा लागेल. भारतीय सांकेतिक भाषेच्या शिक्षणासाठी नाशिक शहरातील कर्णबधिर मुलांच्या निवासी किंवा अनिवासी शाळांचा पर्याय पालकांपुढे ठेवा, त्यांना एकदा शाळा प्रत्यक्ष पाहू द्या आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. आठ वर्षांच्या मुलाला घरापासून दूर ठेवणे सोपे नाही. पण भाषेविना जाणारी वर्षे पुढे भरून निघत नाहीत, हेही त्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

प्रश्न : आमच्या मुलाला बौद्धिक अक्षमता आहे. सामान्य शाळेत ठेवले तर तो मागे पडतो, विशेष शाळेत घातले तर समाजापासून तुटेल असे घरचे म्हणतात. काय योग्य?
आई-वडील, सिडको

उत्तर : कायदा दोन्ही दारे उघडी ठेवतो. कोणत्या दाराने जायचे, ते मुलाकडे पाहून ठरवावे. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी ही मतिमंद मुलांसाठीची शाळा सुरू केली, तेव्हा अशा मुलांना शाळा असू शकते हेच लोकांना पटत नव्हते. आज पालकांपुढे दोन पर्याय आहेत, हे अशा कामांमुळेच शक्य झाले. माझे मत विचाराल, तर लहान वयात सामान्य शाळेत पुरेसा आधार मिळत असेल तर तेथेच ठेवावे, कारण बरोबरीच्या मुलांकडून बोलणे, खेळणे, रांगेत थांबणे या गोष्टी जितक्या सहज येतात तितक्या शिकवून येत नाहीत. परंतु वर्गात तो केवळ बाकावर बसत असेल, त्याच्यासाठी वेगळे उद्दिष्ट कोणी लिहिलेले नसेल आणि वर्षअखेरीस वरच्या वर्गात ढकलले जात असेल, तर त्या उपस्थितीला शिक्षण म्हणता येणार नाही. शाळेकडे त्याचा वैयक्तिक शिक्षण आराखडा मागा. पुढील तीन महिन्यांत तो काय शिकणार, कोण शिकवणार आणि ते कसे पाहणार, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात नसतील तर विशेष शाळेचा विचार जरूर करा. विशेष शाळेत गेल्यावरही बाजारात जाणे, सुटे पैसे मोजणे, बसमधून प्रवास करणे, नातेवाइकांच्या कार्यात सहभागी होणे तुम्ही चालू ठेवू शकता. त्याला समाजापासून तोडण्याचे काम शाळा करत नाही. घरचे लाजले की ते होते.

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञान उत्तीर्ण झाली आहे. एका पायाने ५० टक्के दिव्यांग आहे. अनुदानित महाविद्यालयात ‘प्रयोगशाळेत उभे राहावे लागते, दुसरी शाखा घ्या’ असे सांगितले. आता काय करावे?
एक पालक, निफाड तालुका

उत्तर : २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ३२ प्रमाणे शासकीय व शासनाचे अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा ४० टक्क्यांवरील दिव्यांगांसाठी राखीव असतात आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट असते. प्रवेश अर्जात दिव्यांग प्रवर्गाचा रकाना भरला आहे का, ते आज पाहा. तो रिकामा राहिल्याने हक्काची जागा जाते. प्रयोगशाळेत उंच स्टूल आणि बसून हात पोहोचेल असे टेबल दिले की उभे राहण्याचा प्रश्न उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी ओंकार गोंड प्रकरणात वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या संदर्भात म्हटले, की केवळ टक्केवारीवरून उमेदवाराला अपात्र ठरवता येणार नाही, तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळाने प्रत्यक्ष तपासावे. डॉक्टरकीला जे लागू होते, ते विज्ञानाच्या पदवीला लागू होत नाही, असे कोणाला म्हणता येणार नाही.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी बसून पदवी घेता येते, हे कोणीतरी तुम्हाला सुचवेलच. नोकरी करणाऱ्यांसाठी आणि खंड पडलेल्यांसाठी तो उत्तम मार्ग आहे, पण तुमच्या मुलीला प्रयोगशाळेत जायचे आहे आणि तिचा तो हक्क आहे, म्हणून तो पर्याय नकाराची पळवाट म्हणून स्वीकारू नका. प्राचार्यांना अर्ज द्या, कारण लेखी मागा आणि प्रवेशाची मुदत संपण्यापूर्वी त्याची प्रत विद्यापीठाकडे व दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे पाठवा. मुदत उलटल्यानंतर आलेल्या तक्रारीतून पुढील वर्षाची जागा कदाचित मिळते, या वर्षाची मिळत नाही. प्रवेश झाल्यावर शालान्त परीक्षोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. केंद्राच्या योजनेत पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. निफाडहून रोज एसटीने ये-जा करणार असेल तर साध्या बसच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते, त्यासाठी ओळखपत्राची मूळ प्रत बरोबर लागते.